सस्पेन्स खात्यातला आकडा

बँकेच्या नोकरीत माझी पस्तीसहून अधिक वर्षे गेली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे आमच्या शाखेत संगणक नव्हता. जाडजूड लेजरे होती, निळी शाई होती आणि महिन्याच्या शेवटी 'बॅलन्सिंग' नावाचा एक यज्ञ होता. बेरजा जुळल्या नाहीत की रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. कधी फरक अठ्ठावीस रुपयांचा, तर कधी नव्वद पैशांचा असे. तो कुठून आला हे सापडलेच नाही, तर तेवढी रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकायची आणि घरी जायचे, हा रिवाज. आमचे एक जुने हेडक्लार्क म्हणत, "सस्पेन्सला टाकलं म्हणजे चोरी झाली असं नाही, आणि झाली नाही असंही नाही. फक्त शोधायचं बाकी आहे."

त्यांचे हे वाक्य मला निवृत्तीनंतर पुन्हा आठवले, पण बँकेत नव्हे. आठवले ते एका लॅबोरेटरीच्या रिपोर्टासमोर बसलेलो असताना.

झाले असे, की दोन वर्षांपूर्वी सौ.ची एकसष्टी झाली. आम्ही दोघे साताऱ्यात, मुलगा आणि सून पुण्यात. मुलगा म्हणाला, "आई, साड्यांनी तुझं कपाट भरलंय. या वेळी मी तुला तब्येत भेट देणार." एके दिवशी सकाळी सात वाजता लॅबोरेटरीचा एक तरुण घरी आला आणि चार नळ्या रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर अठरा पानांचा रिपोर्ट हजर. साखर ठीक, थायरॉइड ठीक, कोलेस्टेरॉल आमच्या वयाला शोभेल असे. सोळाव्या पानावर मात्र एक ओळ ठळक अक्षरांत होती. सीए-१२५ : ५२. शेजारी लिहिले होते, 'सर्वसाधारण मर्यादा ३५ पर्यंत'.

ही तपासणी कसली, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. मी मोबाइलवर शोधले आणि पहिल्याच ओळीत 'अंडाशयाचा कर्करोग' हे शब्द वाचले. सौ. माझ्या खांद्यावरून वाचतच होती, त्यामुळे लपवायलाही काही उरले नाही.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते सविस्तर सांगत नाही. एवढेच सांगतो, की तिने लॉकरची दुसरी किल्ली कुठे ठेवली आहे हे मला तीनदा सांगितले. पाटल्या कोणाच्या आणि मोहनमाळ कोणाची, हे एका दुपारी सुनेला फोनवरून सहज बोलल्यासारखे सांगून टाकले. घरात दुसरे काय चालले आहे याकडे आमचे लक्षच नव्हते. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी त्याच दिवसांत एकदा म्हणाल्या, "वैनी, तोंडात लई आग होती, तिखट सोसंना." सौ.ने डबा उघडून त्यांना बी-कॉम्प्लेक्सची पट्टी दिली आणि विषय संपला. या प्रसंगाकडे मी पुढे येणारच आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला, "ही तपासणी करायला कोणी सांगितली?" कोणीच नाही, असे म्हटल्यावर त्यांनी एक उसासा टाकला. सोनोग्राफी झाली, मग एमआरआय झाला. दोन्हींत काही नाही. तीन महिन्यांनी तेच रक्त पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ३१ आला. "मग तेव्हा कशाने वाढला होता?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? आता ते कळायला मार्ग नाही." म्हणजे सस्पेन्स खाते!

माझ्यातला बँकवाला मात्र गप्प बसेना. रक्तातल्या एका प्रथिनाच्या आकड्याला आमचे घर तीन आठवडे हलवण्याचा अधिकार दिला कोणी, हे शोधायला मी बसलो. त्या वाचनातून हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवत आहे. मी डॉक्टर नव्हे. पण आकड्यांशी माझा जन्माचा संबंध आहे.

ही कथा तशी जुनी आहे. १८४५ साली लंडनमध्ये हाडांच्या असह्य वेदनांनी त्रस्त झालेल्या एका किराणा दुकानदाराची लघवी तपासायला हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे आली. तापवली की तिच्यात साका धरायचा आणि उकळली की तो विरघळून जायचा. हे एक विचित्र प्रथिन होते. हाडांच्या मगजातल्या ज्या कर्करोगाला आज 'मायलोमा' म्हणतात, त्याची ती खूण. कर्करोगाची शरीरद्रवात सापडलेली ही पहिली खूण मानतात आणि त्या आजारात ती आजही उपयोगी पडते.

त्यानंतर एकशेवीस वर्षांनी आशेला खरे पालवी फुटली. १९६५ साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत एक प्रथिन सापडले. ते गर्भाच्या आतड्यातही असते, म्हणून त्याचे नाव 'कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेन', म्हणजेच सीईए. आता रक्ताच्या थेंबावरून आतड्याचा कर्करोग ओळखता येईल, असे लोकांना वाटू लागले. पण पुढे दिसले, की सीईए सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढते, यकृताच्या विकारात वाढते, आतड्याला सूज आली तरी वाढते. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ शोधले. तीच गत तिचीही झाली. पोटातल्या पोकळीच्या अस्तराला काहीही खुपले, तरी ती वर जाते. मासिक पाळीत जाते, गर्भाशयातल्या साध्या गाठींनी जाते, पोटाच्या क्षयाने तर खूपच वर जाते.

गोम इथेच आहे. आपण यांना 'कॅन्सरची टेस्ट' म्हणतो खरे, पण ही प्रथिने कर्करोगाच्या मालकीची नाहीत. ती आपलीच आहेत. निरोगी पेशीही ती थोडीफार बनवतात, कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा जास्त बनवतात, एवढाच फरक. खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली तर ती लाचेची असू शकते, तशीच जमीन विकल्याचीही असू शकते. नुसत्या पासबुकावरून ते कळत नाही.

आणि उलटही खरे आहे. अंडाशयाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतो, तेव्हा सुमारे निम्म्या स्त्रियांत सीए-१२५ वाढलेलेच नसते. म्हणजे चांगला आकडा आला म्हणून पेढे वाटावेत, अशीही स्थिती नाही. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, पोट महिनोन्महिने फुगलेले राहणे, स्तनात गाठ लागणे, अशी लक्षणे 'रिपोर्ट तर नॉर्मल होता' म्हणून अंगावर काढणाऱ्यांचे नुकसान या तपासण्यांनीच होते.

आता थोडा हिशेब. खोट्या नोटा ओळखणारे एक उत्तम यंत्र आहे असे समजा. शंभर खोट्या नोटांतल्या नव्वद ते पकडते आणि शंभर खऱ्या नोटांत फक्त एकीवर चुकून बोट ठेवते. याहून चांगले यंत्र कोणता मॅनेजर मागेल? आता एक लाख नोटांचा ढीग घ्या. त्यात खोट्या नोटा फक्त चाळीस आहेत. यंत्र त्यांतल्या छत्तीस पकडील. पण उरलेल्या ९९,९६० खऱ्या नोटांपैकी सुमारे हजार नोटाही ते बाजूला काढील. म्हणजे बाजूला काढलेल्या दर एकोणतीस नोटांत खोटी निघणार एक! यंत्र वाईट नाही. ढिगात खोट्या नोटाच थोड्या आहेत, म्हणून असे होते. एकाच अवयवाचा कर्करोग घेतला, तर निरोगी माणसांच्या गर्दीत तो असाच विरळ असतो.

नोट निदान उजेडासमोर धरून पाहता येते आणि नोटेला रात्रभर झोप लागली नाही असे होत नाही. अंडाशयाचे तसे नाही. अमेरिकेत सुमारे ७८ हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची सीए-१२५ आणि सोनोग्राफी नियमित केली गेली. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. ३,२८५ स्त्रियांना चुकीचा इशारा मिळाला होता. त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली. म्हणजे जो कर्करोग नव्हताच, त्यासाठी. आणि अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू? ते कमी झाले नाहीत.

"पण लवकर कळलं तर बरंच ना, बाबा?" हा मुलाचा प्रश्न होता आणि तो अजिबात भाबडा नाही. मलाही तसेच वाटत होते. याचे उत्तर ब्रिटनमधल्या अभ्यासाने दिले आणि ते मला फार अस्वस्थ करून गेले. तिथे दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा, २००१ पासून पुढे, जवळपास दोन दशके मागोवा घेतला. सीए-१२५ चा एकच आकडा पाहून न थांबता तो वर्षागणिक कसा चढतो हे पाहण्याची हुशार पद्धत वापरली. तिने रोग खरोखरच लवकरच्या अवस्थेत जास्त सापडले. तरीही २०२१ मध्ये अंतिम निकाल आला तेव्हा मृत्यूंत फरक दिसला नाही. रोग आधी कळला, पण आयुष्य वाढले असे दिसले नाही. काहींच्या वाट्याला फक्त रोग ठाऊक असण्याचा काळ जास्त आला.

पुरुषांच्या पीएसए तपासणीची कथा थोडी निराळी आणि म्हणून जास्त अवघड आहे. प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढते. या क्षेत्रातले एक आद्य संशोधक रिचर्ड अॅब्लिन यांनीच २०१० साली वृत्तपत्रात लेख लिहून सरसकट पीएसए चाचणीवर कडक टीका केली. दुसरीकडे, युरोपातल्या मोठ्या अभ्यासात तिने मृत्यू कमी होतात असेही दिसले. पण किंमत पाहा. २००९ च्या निष्कर्षांनुसार एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांना तपासावे लागले आणि ४८ जास्तीच्या पुरुषांवर उपचार करावे लागले. २०२५ मध्ये, तेवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, हेच प्रमाण ४५६ जणांना बोलावणे आणि १२ जणांत रोग सापडणे इतके सुधारले. म्हणजे फायदा आहे, पण सावकाश येणारा. तो येईपर्यंत काहींचा लघवीवरचा ताबा जातो, काहींचे वैवाहिक सुख हरपते, आणि तेही अशा रोगापायी, जो त्यांना मरेपर्यंत कदाचित त्रास देणारच नव्हता. माझ्यासारख्या साठी उलटलेल्याने ही चाचणी करावी की नाही, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवावे. ते एखाद्या पॅकेजने परस्पर ठरवू नये.

मग ही प्रथिने टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. माझ्या एका बँकमित्राचे मोठ्या आतड्याचे ऑपरेशन झाले. त्यानंतर दर तीन महिन्यांनी त्याचे सीईए तपासत. दीड वर्षाने तो आकडा चढू लागला, स्कॅन केले, यकृतात एकच छोटी गाठ सापडली आणि ती काढता आली. आज तो रोज अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालायला जातो. तपासणी त्याच जातीची. फरक इतकाच, की त्याच्या बाबतीत प्रश्न आधी होता आणि आकडा नंतर आला. आमच्या घरी प्रश्न नव्हता. आकड्यानेच तो आणला. वृषणाच्या कर्करोगात काही प्रथिनांवरून उपचार लागू पडताहेत की नाही हे कळते. यकृत खराब झालेल्या रुग्णांत सोनोग्राफीच्या जोडीला एएफपी पाहतात. ज्यांच्या आईला, बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला आहे, त्यांचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो. जिथे संशयाला आधीच जागा आहे, तिथे हे साक्षीदार मोलाचे ठरतात.

विज्ञानही हातावर हात ठेवून बसलेले नाही. एका प्रथिनावर भागत नाही म्हणून आता अनेक एकत्र पाहतात. २०१८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आठ प्रथिने आणि रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे यांची सांगड घातली. आठ प्रकारच्या कर्करोगांत ती सरासरीने सत्तर टक्के रुग्ण ओळखू शकली, पण पहिल्या अवस्थेत फक्त ४३ टक्के. आणि सर्वांत जास्त गरज असते ती तिथेच. २०२४ साली ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या ४४ हजारांवर लोकांच्या साठवलेल्या रक्तात ६१८ प्रथिनांचा १९ प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचे दाखवले. त्यांतली १०७ तर रोग कळण्याच्या सात वर्षांहून अधिक आधी घेतलेल्या रक्तात बोलत होती. हे वाचून मन हरखते. माझी नातवंडे कदाचित या खुणांच्या भरवशावर जगतील. पण संबंध दिसणे वेगळे आणि त्यावर विसंबून निरोगी माणसाला टेबलावर झोपवणे वेगळे. मधला रस्ता वीस-वीस वर्षांच्या अभ्यासांनीच कापावा लागतो.

आता त्या मावशींकडे येतो.

त्या गेली चौदा वर्षे आमच्याकडे येत आहेत. रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावायची सवय त्यांना लहानपणापासून. तोंडात आग होते म्हणून त्यांनी सांगितले, तेव्हा आम्ही एका आकड्याच्या मागे सातारा-पुणे करत होतो. आमचा आकडा उतरला, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, मुलाने बाहेर जेवायला नेले. त्यानंतर महिन्याभराने मावशींच्या गालाच्या आतला चट्टा फुटला. त्याला फार पूर्वी, एखाद्या दुपारी, खिडकीपाशी उभे राहून, तोंड उघडून पाहिले असते, तर तो दिसला असता. त्याला लॅबोरेटरी लागली नसती. लागली असती एक बॅटरी आणि दोन मिनिटे.

त्यांचे ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले. त्या आहेत, देवाची कृपा. पण तोंड पूर्ण उघडत नाही. भाकरी आमटीत कुस्करून, दोन बोटांनी सावकाश आत सारतात. सौ.ला ते पाहवत नाही. मलाही नाही. दोष कोणाचा म्हणाल, तर तो आमच्या घराचाच.

आणि शोध कुठे घ्यायचा, हे आपल्याकडे कोणालाच माहीत नव्हते असेही नाही. केरळात तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांची तोंडे नुसती डोळ्यांनी तपासल्याने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ मध्येच सिद्ध झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर काम केले. थोडेसे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या मुखाला पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून पाहत; त्याने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीने झालेल्या अभ्यासात, एचपीव्हीच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे सगळे आपल्या अंगणातले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत व्हावी, अशी योजनाही आहे. पण तिचे चकचकीत पॅकेज नाही, मोबाइलवर तिचा अठरा पानी रिपोर्ट येत नाही, आणि वाढदिवसाला ती भेट देता येते हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून हात जोडून एवढेच सांगणे आहे. कोणी तुम्हाला 'कॅन्सर मार्कर' असलेली तपासणी देऊ केली, तर रक्त देण्याआधी तीन प्रश्न विचारा. आकडा वाढलेला आला तर मी पुढे काय करणार? नीट आला तर त्यावर विश्वास ठेवणार का? आणि माझ्यासारख्या निरोगी माणसाने ही तपासणी केल्याने आयुष्य वाढते, हे कोणी दाखवून दिले आहे का? तिन्हींची उत्तरे डॉक्टरांकडून मिळाली, तर खुशाल करा. नाहीतर ते पैसे दुसरीकडे खर्च करायला पुष्कळ जागा आहेत.

गेल्या महिन्यात सौ. मावशींच्या मुलीला आणि गल्लीतल्या आणखी दोघींना घेऊन आरोग्य केंद्रात गेली होती. अर्ध्या तासाचे काम. पैसे पडले नाहीत. दोघींचे सर्व ठीक निघाले. तिसरीच्या जिभेखाली एक पांढरा पट्टा आहे. तिला पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे आणि मिश्री आजच्या आज बंद करायला सांगितली आहे.

त्या पट्ट्याचे काय निघते, ते अजून कळायचे आहे. शोधायचे बाकीच आहे म्हणा ना. पण या वेळी निदान योग्य लेजर उघडून बसलो आहोत.